विद्यापीठाच्या शेतावर माती आणि जीवविविधतेच्या नोंदी : ‘कमवा आणि शिका’तल्या मुलामुलींसाठी

कृषी विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर ‘कमवा आणि शिका’तून, म्हणजे शिकता शिकता तासांवर मोबदला देणाऱ्या योजनेतून, माती आणि जीवविविधतेच्या नोंदी ठेवायचं काम मिळालं, तर ते जरूर घ्या. त्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. प्रयोगशाळेत माती वाळवण्या-चाळण्याचा वेळ तासांमध्ये धरला जातो का? आणि फवारणी, खत, नांगरट यांची नोंदवही प्रक्षेत्र अधीक्षकांकडून पाहायला मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर आग्रह धरा. परवा कीटकनाशक मारलेल्या प्लॉटात आज कीटकांचा सापळा रिकामा आला, तर त्या रिकाम्या सापळ्याचा अर्थ त्या वहीशिवाय लागत नाही.

मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून, शेणखतातून येणारा कार्बन) वाढतोय की घटतोय हे कळायला चार-पाच वर्षं तरी लागतात. तेवढ्यात नोंदी करणारे हात दोन-तीनदा बदलतात. म्हणून महागड्या उपकरणापेक्षा जागा, हंगाम आणि पद्धत तीच राखणं आमच्या मते फार मोलाचं आहे.

जागा पक्की करा

फोनचा जीपीएस उघड्या रानातही चार-पाच मीटर चुकतो. प्लॉटमध्ये ठोकलेली खुंटी पहिल्याच वखरणीत उखडते. त्यापेक्षा बांधाच्या कोपऱ्यात दगड पुरून त्यावर रंगाने क्रमांक घाला आणि तिथून टेपने अंतर मोजा : ‘दगड ३ पासून पश्चिमेला २० मीटर, तिथून दक्षिणेला १२ मीटर.’ एकराच्या प्लॉटमध्ये अशा तीन जागा पुरतात. बांध, पाट, झाड, उकिरडा, जनावरं बांधायची जागा यांपासून किमान पाच मीटर आत राहा. एकदा उकरलेला खड्डा पुढच्या वर्षी पुन्हा उकरायचा नाही. यंदा खुणेच्या उत्तरेला दोन मीटरवर खणलं असेल तर पुढच्या वर्षी पूर्वेला, मग दक्षिणेला.

मातीचा नमुना

रब्बी निघाल्यावर, शेणखत किंवा रासायनिक खत पडण्याआधी नमुना घ्यायचा. हा काळ नेमका परीक्षेला भिडतो, तेव्हा तारीख मार्चमध्येच ठरवून टाका. प्लॉटभर नागमोडी चालत १० ते १२ ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला सारा, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा १५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका भिंतीची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची, दोन बोटांएवढी चकती कापा. १५ ते ३० सेंटिमीटरचा थर हवा असेल तर तो वेगळ्या बादलीत. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वरची भुसभुशीत माती त्यांत उतरते. भेगेला लागून खणलं तर ‘खालचा’ नमुना खरं तर वरचाच निघतो, म्हणून भेगेपासून हातभर लांब खणा.

प्लास्टिकची स्वच्छ बादली वापरा. जस्ताचा मुलामा असलेल्या घमेल्यामुळे जस्ताचा आकडा फुगतो, आणि खताच्या रिकाम्या गोणीने तर सगळाच नमुना बिघडतो. सगळी माती एकत्र करा, गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. माती सावलीत वाळवा, लाकडी हातोडीने ढेकळं फोडा आणि २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. सेंद्रिय कर्बासाठी थोडी माती आणखी बारीक करून ०.५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, एक पिशवीत आणि एक बाहेर. ओल्या मातीत पेनाची शाई पसरते.

पहिल्या वर्षी पाच-सहा किलो माती चाळून, नीट मिसळून ‘राखीव’ म्हणून हवाबंद ठेवा आणि दर वर्षी नव्या नमुन्यांसोबत तिचीही एक पुडी, नाव न सांगता, तपासायला द्या. तिचा सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्क्यांचा ०.६० टक्के झाला, तर जमीन सुधारलेली नसते. प्रयोगशाळेचं मोजमाप सरकलेलं असतं.

घनता

५ सेंटिमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची पोलादी नळी मातीत सरळ ठोका. तिच्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोका, नाहीतर आतली माती दबते. भोवतीने खणून नळी काढा, दोन्ही तोंडं सुरीने सपाट करा. आतली माती १०५ अंशांवर २४ तास वाळवून तिचं वजन ग्रॅममध्ये करा आणि ९८ ने, म्हणजे नळीच्या घन सेंटिमीटरमधल्या आकारमानाने, भागा. १२७ ग्रॅम भरलं तर घनता १.३०. भारी जमिनीत हा आकडा १.४ च्या वर जाऊ लागला की मुळांना त्रास सुरू होतो. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून दर वर्षी वाफशावरच, म्हणजे ओल बेताची असतानाच, मोजा आणि त्या दिवशीची ओल टक्क्यांत लिहा. दापोलीसारख्या जांभ्या जमिनीत नळी खड्यांवर अडते. तिथे ही रीत सोडून खड्डा घेऊन त्याचं आकारमान वाळूने मोजतात.

गांडुळं

ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर, सकाळी. उन्हाळ्यात गांडुळं खोल जाऊन निपचित पडतात, तेव्हा मिळालेलं शून्य फसवं असतं. २५ बाय २५ सेंटिमीटरचा, ३० सेंटिमीटर खोल चौकोन कापून माती पांढऱ्या ताडपत्रीवर घ्या आणि दोघांनी मिळून हाताने निवडा. आलेली संख्या गुणिले १६ म्हणजे चौरस मीटरमागे गांडुळं. अंगावर जाडसर पट्टा असलेली प्रौढ आणि पट्टा नसलेली पिल्लं वेगळी मोजा. कुदळीने तुटलेल्यांपैकी फक्त डोक्याकडचे तुकडे मोजायचे. मोजून झालं की गांडुळं परत मातीत.

जमिनीवरचे कीटक

प्रत्येक खुणेजवळ दहा-दहा मीटरवर तीन प्लास्टिकचे पेले जमिनीत गाडा. पेल्याची कड जमिनीशी बरोबर सपाट हवी. कड अर्धा सेंटिमीटर जरी वर राहिली तरी भुंगेरे वळसा घालून जातात. काळ्या मातीत हीच अडचण रोज येते : पाऊस पडला की माती फुगून पेला वर ढकलते, उघडीप मिळाली की कडेला फट पडते. उपाय म्हणून आधी पीव्हीसी पाइपचा तुकडा कायमचा बसवा, पेला त्याच्या आत ठेवा, आणि दर वेळी कडेची माती बोटाने चेपा. ताज्या खणलेल्या जागी पहिले काही दिवस कीटक जास्त पडतात, म्हणून पाइप बसवल्यावर आठवडाभर झाकून ठेवा आणि मगच सापळा सुरू करा.

पेल्यात एक तृतीयांश पाणी, चमचाभर मीठ, वास नसलेल्या साबणाचे दोन-तीन थेंब. वर बोटभर उंचीवर पत्र्याचं छप्पर, तोंडावर सेंटिमीटरभर छिद्रांची जाळी. जाळी नसेल तर बेडूक आणि पाली बुडून मरतात. बरोबर ४८ तासांनी गोळा करा. जातीपर्यंत ओळख पटत नसेल तर भुंगेरे, मुंग्या, कोळी, नाकतोडे असे गट पुरेत. अंदाजाने जातीचं नाव लिहू नका.

पक्ष्यांसाठी सूर्योदयानंतरच्या दोन तासांत एका जागी दहा मिनिटं उभं राहून ५० मीटरच्या आतले पक्षी मोजा. नांगर चालू असताना मोजू नका, कारण त्यामागे गायबगळे, कोतवाल आणि साळुंक्या गोळा होतात आणि आकडा भलताच फुगतो. तणांसाठी अर्ध्या मीटरची चौकट पुरते : केना, लव्हाळा, हरळी, गाजरगवत अशी जातवार रोपं मोजा.

नोंद आणि सुरक्षितता

काही सापडलं नाही तर ‘०’ लिहा. मोजलंच नाही तर ‘मोजले नाही’ असं लिहा. रिकामा रकाना दोन्ही अर्थांनी वाचला जातो आणि पाच वर्षांनी कुणालाच उलगडत नाही. कागदाचा फोटो त्याच संध्याकाळी काढा.

गुडघ्यापर्यंतचे गमबूट घातल्याशिवाय पिकात शिरू नका. घोणस, नाग, मण्यार, फुरसं यांपैकी कोणीही बांधावर असू शकतं. पेला किंवा छप्पर उचलताना आधी काठीने हलवा. साप चावलाच तर न चिरता, न आवळता, चावलेला अवयव हलू न देता १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. फवारलेल्या प्लॉटात औषधाच्या लेबलवर सांगितलेली मुदत उलटेपर्यंत जायचं नाही, त्यासाठी मोजणीचा दिवस चुकला तरी चालेल.

काम सोडणाऱ्याने जायच्या आधी नव्या विद्यार्थ्याबरोबर सगळ्या दगडांवरून एकदा चालत जावं, टेप त्याच्या हातात देऊन. प्रत्येक जागा त्याने स्वतः मोजून शोधली की मगच वही त्याच्याकडे द्यावी.