प्रश्न विचारल्यानंतरची तीन सेकंदे : मुलांना शिकवणाऱ्यांनी स्वतःचा सराव कसा करावा

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागांत सुट्टीच्या दिवशी वाचनालयात किंवा देवळाच्या सभामंडपात दहावीच्या आणि पीयूसीच्या (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) मुलांचे वर्ग घेणाऱ्या तरुणांची तळमळ खरी असते. तरीही पाच वर्षे वर्ग घेतलेला माणूस पहिल्या वर्षाच्याच चुका करताना दिसतो, कारण शिकवत राहणे म्हणजे सराव नव्हे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून मांडले ते हेच, की आपली कच्ची जागा हेरून तेवढ्याच जागेवर केलेला हेतुपुरस्सर सराव कौशल्य वाढवतो.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट निवडावी. माझ्या मते पहिली निवड प्रश्नानंतर थांबण्याची असावी. मेरी बड रो या संशोधिकेला १९७०च्या दशकात आढळले की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. आपल्याकडे याचे मोल अधिक आहे, कारण घरी मराठी, परीक्षेत कन्नड आणि विज्ञानाच्या संज्ञा इंग्रजीत, अशा तीन घाटांवरून मुलाचे उत्तर ओठांवर येत असते.

मी शेकडेवारीच्या एका तासाचे ध्वनिमुद्रण ऐकले, तेव्हा ‘समजलं काय?’ हा प्रश्न चाळीस मिनिटांत अकरा वेळा ऐकू आला आणि प्रत्येक वेळी मुलांचे ‘होय’ पुरते उमटण्याआधीच मी पुढे गेलो होतो. एकदा मागून ‘सर, पण...’ असा एका मुलीचा आवाज आला होता, आणि त्यावर माझाच आवाज चढला होता. ते ऐकून मला फार वाईट वाटले.

मुलांना आधी सांगून मोबाईलवर तासाचे ध्वनिमुद्रण करावे, ते कोणालाही पाठवू नये आणि काम झाले की पुसून टाकावे. त्यातली दहाच मिनिटे ऐकून वहीत प्रत्येक प्रश्न, त्यानंतर गेलेली सेकंदे आणि उत्तर कोणी दिले, एवढेच लिहावे. वर्गापूर्वी रिकाम्या बाकांसमोर उभे राहून तेच प्रश्न मोठ्याने विचारावेत आणि प्रत्येकानंतर दोन संथ श्वास घ्यावेत. ही शांतता सुरुवातीला असह्य वाटते, पण ती सहन करणे हाच सराव आहे.

सोबत्याला मागे बसवावे, पण ‘वर्ग कसा झाला?’ असे विचारू नये, कारण भिडेपोटी ‘चांगला झाला’ हेच उत्तर येते. त्याऐवजी बाकांचा नकाशा देऊन जो बोलेल त्याच्या जागी रेघ मारायला सांगावे; दाराजवळची रांग कोरी राहिली तर ते कागदच सांगतो. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायाने कामगिरी घसरल्याचे दिसले. लक्ष कामावरून स्वतःकडे वळले की हा धोका वाढतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून ‘तुम्ही फार घाई करता’ यापेक्षा ‘चौथ्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच लगेच दिले’ हे वाक्य उपयोगी पडते.

मुलांकडून नाव न घालता चिठ्ठी घ्यावी : ‘आज कुठे सुटले?’ भाषा मराठी, कन्नड किंवा मिश्र, कशीही चालेल. पुढच्या तासाच्या आरंभी चिठ्ठ्यांमुळे काय बदलले ते सांगावे, नाहीतर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतात.

हे दोन-तीन आठवडे सलग करावे. खानापूरकडे भाताच्या लावणीत मुले शेतावर असतात, म्हणून त्या आठवड्यांच्या नोंदींची तुलना इतर आठवड्यांशी करू नये. महिन्याने पुन्हा दहा मिनिटे ऐकावीत, आणि ‘सर, पण...’ च्या पुढचे वाक्य त्यात पूर्ण ऐकू आले, तर दुसरी गोष्ट निवडावी.