आर्केड कॅबिनेट तापतंय? आणखी एक फॅन घेण्याआधी या चुका टाळा

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे पार्लरमध्ये असायची तशी व्हिडिओ गेमची उभी पेटी, बनवणाऱ्यांचे फोन मला अधूनमधून येतात आणि त्यातल्या निम्म्यांची तक्रार एकच असते. "दादा, कॅबिनेट एकदम झकास झालंय, पण तासाभराने गेम अडखळायला लागतो. अजून एक फॅन लावू का?" मी विचारतो, आत हवा कुठून येते? पलीकडे शांतता. मग हळूच उत्तर येतं, "फॅनमधूनच येत असेल ना."

नाही हो. तुमचा फॅन हवा बाहेर फेकतोय. फेकायला आत काही आलं तर फेकेल.

कॉम्प्युटरचा डबा पत्र्याचा असतो, त्यामुळे थोडीफार उष्णता पत्र्यातूनच बाहेर पडते. १८ मिमीचा प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मात्र उष्णता धरून बसतो. आत रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर असेल तर तो सहा-सात वॉट खातो, २४ इंची एलसीडी मॉनिटर २०-३० वॉट, शिवाय अ‍ॅम्प्लिफायर, अ‍ॅडॉप्टर, दिवे. सगळं मिळून साधारण पन्नास. पायऐवजी जुना डेस्कटॉप बसवला असेल तर आणखी शंभर धरा. यातला जवळपास प्रत्येक वॉट शेवटी उष्णताच होतो. जुना साठचा पिवळा बल्ब कपाटात पेटता ठेवून दार लावून घेण्यासारखंच आहे हे. (पाय तापलाय असं घरात मोठ्याने म्हणू नका. आमच्याकडे आई काशाची वाटी घेऊन आली होती.)

बाहेर जायला चार दारं, आत यायला एकही नाही

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती करणारा माणूस आळशी नसतो. उलट त्याने खर्च केलेला असतो.

आमच्याच सोसायटीतल्या एका पोराने दोघांनी खेळायचं कॅबिनेट बनवलं. काम सुरेख. कडांना टी-मोल्डिंगची प्लास्टिक पट्टी, बटणांत दिवे, वर स्वतः डिझाइन केलेली मार्की, म्हणजे दिव्यांची नावाची पाटी. गणपतीत क्लबहाऊसमध्ये ठेवायचं ठरलं आणि मुलांची स्पर्धाही जाहीर झाली. मागच्या फळीवर, अगदी वरच्या बाजूला, १२० मिमीचे चार फॅन एका ओळीत. मागची फळी सोळा स्क्रूंनी आवळलेली आणि कडेने फोमची टेप, म्हणे धूळ जायला नको.

दुसऱ्या संध्याकाळी चाळीस मिनिटांत चित्र तुटायला लागलं. त्याने मेमरी कार्ड बदललं. मग अ‍ॅडॉप्टर. मग रात्री बसून सगळं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. तिसऱ्या दिवशी आणखी मोठा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) मागवायच्या तयारीत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी आरतीच्या ताटातली उदबत्ती उचलली. फॅनसमोर धरली, तर चार फॅन घरघरत असूनही धूर जेमतेम हलला. मग ती जॉयस्टिकच्या बुडाशी नेली. तिथे मात्र धुराची रेघ वाकली आणि दांड्याच्या भोकातून सरळ आत ओढली गेली. नाण्याच्या खाचेपाशी तेच, स्पीकरच्या जाळीपाशी तेच. चार फॅनांची ती पेटी जॉयस्टिकच्या भोकातून श्वास घेत होती. कंट्रोल पॅनेल उचललं तर खाली मायक्रोस्विचांवर धुळीचा करडा थर आणि त्यात गुलाल. गणपती आणताना उधळलेला सगळा गुलाल फॅननी इमानेइतबारे आत खेचला होता. धूळ जायला नको म्हणून टेप लावलेल्या पेटीत!

कारण साधं आहे. असे चपटे फॅन मोकळ्या जागेत भरपूर हवा हलवतात, पण त्यांच्यात जोर नसतो. जरा अडथळा आला की पाती नुसती जागच्या जागी फिरतात. अशा वेळी चार फॅन लावले तरी एकाचंही काम होत नाही, फक्त आवाज चौपट होतो.

मागची फळी काढली. छताखाली अडकवलेला थर्मामीटर ५७ दाखवत होता, पंधरा मिनिटांत ४१ वर आला, तेही दोन फॅन बंद करून. रात्री अकरा वाजता वॉचमनची परवानगी काढून जिगसॉ, म्हणजे विजेची करवत, चालवली. फळीच्या तळाशी ३० बाय ७ सेंटिमीटरची खाच पाडली, आतून मच्छरदाणीची जाळी लावली. विसर्जनापर्यंत तक्रार नाही. काढलेले दोन फॅन माझ्याच खणात आहेत, त्याने अजून परत मागितलेले नाहीत.

३० बाय ७ च का? १२० मिमी फॅनचं तोंड, मधला गोल भाग वगळता, साधारण १०० चौरस सेंटिमीटर भरतं. हवा आत यायला निदान तेवढी जागा हवीच. जाळी लावली की वाट अडते, म्हणून मी दुप्पट धरतो. शास्त्र म्हणा किंवा सवय म्हणा, आजवर कमी पडलेलं नाही.

किती फॅन लागतील त्याचंही गणित अवघड नाही. आतले वॉट गुणिले १.७६, भागिले खोलीपेक्षा किती अंश जास्त चालेल तो आकडा. उत्तर सीएफएममध्ये येतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. १५० वॉट आणि दहा अंश धरले तर सव्वीसच्या आसपास. १२० मिमीचा साधा फॅन खोक्यावर याहून बराच मोठा आकडा लिहितो, प्रत्यक्षात त्याच्या निम्मा दिला तरी बहुतेक वेळा भागतं. म्हणजे एक फॅन. ज्यांना पाच हवेत त्यांनी खुशाल लावावेत, पण ते थंडाव्यासाठी लावले असं मला सांगू नये.

मॉनिटरच्या वरचा माळा

ही चूक मी स्वतः केली आहे, तेव्हा फार उपदेश करत नाही. मॉनिटर तिरका बसवून त्याला मागून आडवी फळी दिली की कॅबिनेटचे नकळत दोन मजले होतात. खालचा फॅनने थंड राहतो. वर मार्कीपाशी मात्र जुन्या वाड्याच्या माळ्यासारखी कोंडलेली गरम हवा.

त्यात मी एलईडी पट्टीचं पाच मीटरचं अख्खं रीळ मार्कीत गुंडाळलं होतं. कापायचा कंटाळा, दुसरं काय! मीटरला साठ दिवे असलेली १२ व्होल्टची ५०५० पट्टी मीटरमागे १४.४ वॉटपर्यंत खाते, म्हणजे पाच मीटरला ७२. खालच्या सगळ्या यंत्रणेपेक्षा माझी पाटीच जास्त तापत होती. आठवड्याभरात पट्टीमागचा गोंद सुटला आणि पट्टी अ‍ॅक्रिलिकवर लोंबली. समोरून बघताना नावावर तिरकी पांढरी रेघ. पाहुणे विचारायचे, हे मुद्दाम केलंय का?

साठ सेंटिमीटरच्या मार्कीला दोन ओळी, म्हणजे सव्वा मीटर पट्टी पुष्कळ होते. आणि आडव्या फळीला होल सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने) तीन-चार मोठी भोकं पाडा, गरम हवेला वर जाऊन बाहेर पडायला वाट द्या.

मुळात ती उष्णता आहे का?

घाईतली माणसं हे विचारतच नाहीत. चालू केल्यावर पाच मिनिटांत हँग होत असेल तर बहुधा उष्णतेला दोष देऊ नका, पेटी तापायला वेळ लागतो. पायवर खेळत असाल तर पडद्याच्या कोपऱ्यात काय उमटतं ते बघा. थर्मामीटरचं चिन्ह आलं तर चिप ८० अंशांच्या वर गेली आहे आणि स्वतःहून मंदावते आहे. विजेचं चिन्ह आलं तर व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली घसरलंय. तिथे फॅन काय करणार? पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. ड्रॉवरमध्ये सापडलेला जुन्या मोबाइलचा चार्जर आणि सुतळीएवढी बारीक केबल लावून लोक मला तापमानाचे फोटो पाठवतात.

माझी पहिली तपासणी फुकटची आहे. मागची फळी काढायची, तासभर खेळायचं. तक्रार तशीच राहिली तर उष्णता निर्दोष.

पण जुन्या टीव्हीची काचेची ट्यूब बसवली असेल तर ही तपासणी तुमच्यासाठी नाही. ट्यूबच्या टोपीखाली वीस हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते तिथे टिकून राहू शकतात. आमच्या गल्लीतल्या पार्लरवाल्याने मशिनची मागची दारं काढून भिंतीला टेकवली होती आणि मागून टेबल फॅन सोडला होता. आम्ही पोरं रुपया टाकून 'मुस्तफा' खेळायचो आणि बॉल मागे गेला की खुशाल हात घालायचो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

बाकीच्या, पटकन

फॅन उलटा बसवणं: चौकटीवर बाण असतो, नसेल तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात तिकडून हवा बाहेर पडते. तरी खात्री म्हणून उदबत्ती.

आत येणारी खाच आणि बाहेरचा फॅन शेजारी-शेजारी ठेवणं: तीच हवा गोल फिरत राहते. एक तळाशी, एक वर.

कॅबिनेट भिंतीला चिकटवणं: चार बोटं तरी जागा सोडा. बायको म्हणते भिंतीला लावा, छान दिसतं. तिला तापमान दाखवा. (माझं काही चाललं नाही, शेवटी मी फॅनच कॅबिनेटच्या छतावर नेला.)

कॅबिनेटच्या फॅनवर विसंबून चिपला हीटसिंक न लावणं: दोन्ही लागतात.

जाळी न लावणं: उबदार, अंधारी जागा म्हणजे पालीचं माहेर. एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, मेलेली पाल काढली की माणूस आयुष्यभर जाळी लावतो.

आत सगळी यंत्रणा असताना जिगसॉ चालवणं: एमडीएफचा भुसा पिठासारखा असतो आणि हीटसिंकच्या फटीत जाऊन बसतो. "वरून पेपर टाकला होता" हे मी ऐकून घेत नाही. प्लग काढा, सामान बाहेर काढा, मग कापा. अर्धा तास जातो, जाऊ दे.

आवाज कमी करायला १२ आणि ५ व्होल्टच्या तारांमध्ये फॅन जोडून ७ व्होल्ट काढायची युक्ती: बऱ्याचदा चालते, पण फॅनचा करंट ५ व्होल्टच्या लाइनमध्ये उलटा शिरतो आणि त्याच लाइनवर तुमचा पाय असतो. थेट ५ वर चालवलं तर धूळ बसलेला फॅन कधी सुरूच होत नाही, आणि तो बंद आहे हे कळतही नाही, कारण तसाही आवाज येत नव्हता. मी १२ चा फॅन वेगळ्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालवतो. शांत असतो आणि दर वेळी हटकून सुरू होतो.

एक हिशेब मात्र लोक हमखास विसरतात. फॅन पेटीला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत आत ३६ दिसले म्हणून खूश होऊन फळी कायमची ठोकली जाते आणि एप्रिलमध्ये मला फोन येतो. तेव्हा खोलीच ३७ वर असते, म्हणजे आत ५१, आणि नागपूरकडचे असाल तर त्याहून वर. थंडीत मोजलेल्या आकड्यात पंधरा मिळवून बघा. बघेपर्यंत मागची फळी चारच स्क्रूंवर ठेवा.