जड पाण्याच्या घरात स्वच्छतेची साधने कशी तयार करावीत

स्वच्छतेच्या साधनांवरचा खर्च कमी करायचा असेल, तर कोणतीही कृती हाती घेण्याआधी आपल्या घरात कोणते पाणी येते ते पाहावे. खान्देशात पुष्कळ घरे बोअरच्या पाण्यावर चालतात. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले, की साबणाचा बराचसा भाग मळ काढण्याऐवजी त्या क्षारांना चिकटून पांढरट साका होण्यातच संपतो. असे पाणी असलेल्या घरात साबण कितीही महाग आणला तरी तो पुरत नाही.

याची परीक्षा घरीच करता येते. झाकणाच्या पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन त्यात तेलापासून बनवलेल्या साध्या साबणाचा हरभऱ्याएवढा कीस टाकावा आणि बाटली जोरात हलवावी. डिटर्जंटची वडी यासाठी घेऊ नये, कारण ती जड पाण्यातही फेस देते. फेस लगेच बसला आणि पाणी दुधाळ झाले, तर पाणी जड आहे असे समजावे. पावसाचे पाणी धरून तीच परीक्षा केली, तर फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

पाणी जड असेल, तर घरात पहिली वस्तू कपडे धुण्याचा सोडा ठेवावी. हा सोडा पाण्यातल्या कॅल्शियमला न विरघळणाऱ्या रूपात खाली बसवतो आणि साबणाला त्याचे काम करू देतो. पंधरा लिटरच्या बादलीत एक सपाट चमचा सोडा आधी विरघळवून, मग नेहमीपेक्षा थोडी कमी धुण्याची पावडर टाकावी आणि कपडे कसे निघतात ते पाहून प्रमाण ठरवावे. साबण किसून घरी धुण्याची पावडर बनवण्याची कृती अनेक जण सांगतात, पण जड पाण्याच्या घरात मी ती कोणालाही सुचवणार नाही. त्या साबणाचा साका कपड्यांत बसतो आणि पांढरे कपडे काही महिन्यांत करडे दिसू लागतात. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र सोडा लावू नये.

स्वयंपाकघरात हाच सोडा सर्वांत जास्त पैसे वाचवतो. शेवभाजीची तर्री ज्या पातेल्यात झाली, त्याच्या कडेला बसलेले तेल किंवा करपलेला थर काढायचा असेल, तर स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाणी आणि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटे उकळावे आणि पाणी कोमट होईपर्यंत तसेच ठेवावे. सोडा आणि तेल मिळून तिथल्या तिथे थोडा साबणच तयार होतो, म्हणून थर घासावा लागत नाही, तो सुटून येतो. गॅसच्या शेगडीच्या जाळ्या आणि एग्झॉस्ट पंख्याची लोखंडी किंवा प्लॅस्टिकची पाती याच गरम द्रावणाने पुसावीत. हातात रबरी मोजे घालावेत, कारण सोडा त्वचेचे तेलही काढून नेतो. ॲल्युमिनियमची भांडी आणि पाती यापासून दूर ठेवावीत. त्यांना सोडा खातो आणि ती काळी पडतात.

राखेचे तत्त्वही हेच आहे. भरितासाठी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजून झाली, की उरलेली राख फेकून न देता थंड झाल्यावर पातळ कापडातून चाळून डब्यात भरून ठेवावी. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात, ते तेल तोडतात, आणि बारीक कण घासणीचे काम करतात. राख चाळलेली नसेल तर चरे पडतात. नॉन-स्टिक तव्याला ती लावूच नये.

दुसरी वस्तू लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. ते किराणा दुकानात सुटे मिळते. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम विरघळवले, की नळ, शॉवर, गीझरची बादली आणि स्टीलच्या पिंपावर जमलेला पांढरा थर काढणारे द्रावण तयार होते. म्हणजे एक किलोत २० लिटर. थरावर भिजवलेला कपडा गुंडाळून अर्धा तास ठेवावा, मग घासून धुवावे. येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे: आपल्याकडे ओट्याला कडाप्पा आणि जमिनीला शहाबादी फरशी सर्रास असते, आणि हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर आम्ल पडले, मग ते लिंबाचे असो वा व्हिनेगरचे, की चमक जाऊन कायमचा पांढरा डाग राहतो. संगमरवराचेही तसेच. अशी फरशी साध्या पाण्यात किंचित सोडा घालून पुसावी आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसावी.

श्रावणात कानबाई ही खान्देशची देवी घरात बसण्याआधी आपल्याकडे सारे घर झाडून-पुसून निघते आणि पितळी-तांब्याची भांडी बाहेर येतात. त्यांच्यासाठी वेगळी पावडर विकत घेण्याची गरज नाही. भिजवलेल्या चिंचेचा कोळ आणि जाड मीठ लावून दोन मिनिटे थांबावे, मग घासावे. आम्ल काळा थर विरघळवते आणि मीठ त्याला मदत करते. भांडी लगेच धुऊन कोरड्या फडक्याने पुसणे आवश्यक आहे, कारण ओलीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग पडतात आणि आपण चिंचेला दोष देतो.

रिठ्याचे द्रव हे रोजच्या भांड्यांसाठी आणि रेशमी साड्यांसाठी उत्तम आहे. बिया काढलेली १०० ग्रॅम रिठ्याची टरफले एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी त्याच पाण्यात अर्धा तास मंद आचेवर उकळावीत, थंड झाल्यावर कुस्करून गाळावीत. रिठ्यातील सॅपोनिन, म्हणजे फेस आणणारे द्रव्य, जड पाण्यातही साबणासारखा साका करत नाही. फेस कमी येतो, तरी भांडे साफ निघते. हे द्रव टिकत नाही, म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावे, आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून ‘शक्तिशाली’ द्रव बनवण्याची कृती मात्र टाळावी. फेस भरपूर दिसतो, पण आम्ल आणि क्षार एकमेकांना निकामी करतात व दोन्ही वस्तू वाया जातात. यातील कोणतेही साधन जंतुनाशक नाही. घरात आजारपण असेल तर शौचालयासाठी ब्लीचिंग पावडर वापरावी. ती लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा शौचालयाच्या आम्लात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एक वापरल्यावर भरपूर पाणी ओतूनच दुसरे घ्यावे. तयार द्रावणे शीतपेयाच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांत भरू नयेत, प्रत्येक डब्यावर वस्तूचे नाव आणि तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि डबे लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावेत.