टायरच्या खुणा मोजायला निघताना

अपघाताची वर्दी आली की पिशवी उचलायची. विजेरी, खडू, कॅमेरा, चमकणारं जॅकेट हे सांगायला नको. टेप मात्र 30 मीटरची घ्या. पाच मीटरची टेप पुढं पुढं सरकवत नेली की प्रत्येक वेळी थोडी चूक वाढत जाते.

आणि स्थिर खूण! किलोमीटरचा दगड, मोरीचा कठडा, नंबर घातलेला विजेचा खांब. खटला उभा राहील तेव्हाही जागेवर असेल असं काहीतरी. मागच्या वेळी मी ब्रेकच्या खुणा ट्रकच्या मागच्या चाकापासून मोजल्या. आकडे पंचनाम्यात आले आणि तासाभरात क्रेननं ट्रक हलवला. कोर्टात वकिलांनी एवढंच विचारलं, "ते चाक नेमकं कुठं होतं?" मला सांगता आलं नाही. गेलेल्या मुलाचे वडील मागच्या बाकावर बसले होते. म्हणून आधी स्थिर खूण ठरवा, एक नव्हे, दोन. टायरच्या खुणेचं प्रत्येक टोक दोन्हींपासून मोजा. गाडीपासून मोजू नका, बॅरिकेडपासून तर नाहीच.

खुणेची सुरुवात शोधायला गुडघ्यावर बसा आणि नजर रस्त्याला समांतर ठेवा. टायर तापेपर्यंत डांबरावर नुसती करडी सावली उमटते. उभ्यानं बघितलं तर ती दिसत नाही आणि दोन-तीन मीटर हातचे जातात. आधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, मग खडू. रहदारी सोडायची घाई करणाऱ्यांना थांबवा. खूण पुसली की गेली.

सरळ, काळा पट्टा म्हणजे चाक जाम होऊन घसरलं. वळणदार पट्ट्यात तिरप्या बारीक रेघा असतील तर चाक फिरत फिरत आडवं सरकलं, तिथं खाली दिलेलं सरळ घसरणीचं वेगाचं सूत्र लावू नका. सरळ खूण अचानक तुटून बाजूला सरकली असेल तर धडक बहुधा तिथंच. ती जागाही दोन्ही स्थिर खुणांपासून मोजा. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडीची खूण फिकी असते, कधी उमटतही नाही. "खूण नाही, म्हणजे ब्रेकच मारला नाही" असं लिहू नका.

वेग: खुणेची मीटरमधली लांबी, 254 आणि घर्षणांक (रस्त्यावर टायरची पकड किती, तो आकडा) यांचा गुणाकार, मग वर्गमूळ. सपाट कोरड्या डांबरावर घर्षणांक 0.7 धरला तर 20 मीटरला ताशी साधारण 60 किलोमीटर. हा कमीत कमी वेग, धडकेत जिरलेला यात येत नाही. ओला रस्ता, उतार, सांडलेलं तेल लिहून ठेवा. कच्चा नकाशा, उत्तर दिशा, सह्या. सह्यांआधी नकाशावर दोन्ही स्थिर खुणा आहेत ना, बघा.