कर्करोगावरील अभ्यासात सहभागी व्हा असे सुचवले गेले, तर

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ना-नफा संस्थेत उपचार घेताना डॉक्टर कधी कधी एखाद्या अभ्यासाविषयी सांगतात आणि संशोधन समन्वयक काही पानांचे माहितीपत्रक रुग्णाच्या हाती देतात. ‘म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार का?’ हा प्रश्न अशा वेळी घरच्यांच्या मनात हमखास येतो. तो मनात न ठेवता सरळ विचारावा. मात्र होकार किंवा नकार देण्यापूर्वी अशा संस्था नेमके काय शोधत असतात, हे थोडे समजून घ्यावे.

१९४१ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केलेले हे रुग्णालय १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. औषध कंपनीला ज्यातून फारसे काही मिळण्यासारखे नसते, असे प्रश्नही येथे हाती घेतले जातात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे जागा बधिर करण्याचे नेहमीचे स्वस्त इंजेक्शन दिले तर काय होते, हे तपासणारा अभ्यास २०११ मध्ये सुरू झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १,६०० स्त्रियांच्या या अभ्यासात पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के आढळले. एवढ्या स्वस्त औषधासाठी दहा-बारा वर्षे थांबणारी कंपनी मिळणे कठीणच.

सर्वात आधी समजून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे रँडमायझेशन. रुग्ण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टर ठरवत नाहीत आणि रुग्णही ठरवत नाही. ती निवड संगणकाने, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे होते. याचा अर्थ काय, हे टाटा मेमोरियलच्याच २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसते. तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात मानेतील लसिकाग्रंथी, म्हणजे जिथे कर्करोग पसरू शकतो अशा छोट्या गाठी, पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की तेथे रोग दिसल्यावर काढाव्यात, याविषयी शल्यचिकित्सकांत जुना वाद होता. तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८० टक्के, तर दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के रुग्ण हयात असल्याचे पहिल्या ५०० रुग्णांच्या आकडेवारीवरून स्पष्ट होताच, त्यावर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या सल्ल्याने नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले. एक गट मागे पडला हे खरे, पण तो कोणता असेल हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते, आणि माझ्या मते ही बाब जो डॉक्टर आडपडदा न ठेवता सांगतो, त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. म्हणून पहिला प्रश्न हा असावा की अभ्यासात भाग घेतला नाही तर कोणता उपचार मिळेल, आणि अभ्यासातील प्रत्येक गटाचा उपचार त्याहून कोठे वेगळा आहे.

त्यानंतर माहितीपत्रकावर सीटीआरआयचा, म्हणजे भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा क्रमांक आहे का ते पाहावे. त्यात वर्ष, महिना आणि अनुक्रमांक तिरप्या रेघांनी जोडलेले असतात. ही नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिथे अभ्यासाचा खर्च कोण करते, कोणते रुग्ण घेतले जातात, नैतिकता समितीची, म्हणजे रुग्णांचे हित व हक्क जपले जातात का हे तपासणाऱ्या समितीची, मान्यता आहे का, आणि नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी झाली की नंतर, हे सारे दिसते. घरातील एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हे काम सांगितले तर ते लवकर होते.

खर्चाबाबत मोघम उत्तर घेऊ नये. अभ्यासाचे औषध मोफत असले, तरी सीटी स्कॅन, रक्ताच्या तपासण्या आणि जादा फेऱ्यांचा प्रवास यांचा भार कोणावर, हे प्रत्येक बाब स्वतंत्रपणे विचारावे. सोलापूर किंवा नांदेडहून येणाऱ्या कुटुंबाला एक जादा फेरी म्हणजे काय, हे समन्वयकाला आपणहून सुचेलच असे नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हेही पत्रकात लिहिलेले असायला हवे. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ च्या नियमांत तशी स्पष्ट तरतूद आहे.

संमतीपत्रावर ओपीडीच्या गर्दीत सही करण्याची घाई करू नये. पत्रक घरी नेऊन वाचू द्या, असे सांगण्याचा रुग्णाला अधिकार आहे. पत्रक मराठीत मागावे. रुग्णाला वाचता येत नसेल, तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते पूर्ण वाचून दाखवून मगच अंगठा घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा उरलेला तुकडा पुढील संशोधनासाठी साठवण्याची परवानगीही अनेकदा त्याच कागदांत मागितलेली असते. अभ्यासाला होकार आणि या साठवणुकीला नकार, असे चालेल का ते विचारून घ्यावे. सही झालेली एक प्रत आणि नैतिकता समितीचा दूरध्वनी क्रमांक फाइलमध्ये ठेवावा.

पुढे मन बदलले, तर कारण न देता अभ्यासातून बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्या रुग्णालयातील नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. मात्र औषध परस्पर बंद न करता आधी डॉक्टरांना कळवावे, आणि तोवर दिलेल्या नमुन्यांचे व माहितीचे काय होणार, याचे उत्तर लेखी मागावे.