‘सिम्बॉलिक ऑफ’ हा इंग्रजी शब्दप्रयोग अचूक कसा वापरावा

इंग्रजीत निबंध किंवा वृत्तलेख लिहिताना ‘सिम्बॉलिक ऑफ’, म्हणजे ‘अमुक गोष्टीचे प्रतीक असलेले’, हा शब्दप्रयोग वारंवार लागतो, आणि आपल्याकडून तो एक तर अर्थात चुकतो, नाही तर पुढच्या अव्ययात.

प्रथम वाक्य मराठीत म्हणून पाहावे. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी उचललेले मूठभर मीठ हे अन्यायी कायद्याच्या अवज्ञेचे प्रतीक ठरले, या वाक्यात ‘प्रतीक’ हा शब्द चपखल बसतो, म्हणून येथे ‘सिम्बॉलिक ऑफ डिफायन्स’ निःशंकपणे लिहावे. याउलट काळे ढग हे पावसाचे चिन्ह आणि ताप हे आजाराचे लक्षण असते; त्यांचा संबंध निसर्गाने जोडलेला आहे, माणसांनी मानलेला नाही. अशा ठिकाणी ‘साइन’ किंवा ‘सिम्प्टम’ हेच शब्द योग्य होत.

त्यानंतर वाक्याची रचना ठरवावी. ‘द सॉल्ट वॉज सिम्बॉलिक ऑफ डिफायन्स’ आणि ‘द सॉल्ट वॉज अ सिम्बॉल ऑफ डिफायन्स’ या दोन्ही रचना शुद्ध आहेत. क्रियापद वापरायचे असल्यास मात्र ‘ऑफ’ गाळून ‘द सॉल्ट सिम्बलाइज्ड डिफायन्स’ एवढेच लिहावे. ‘सिम्बलाइज्ड ऑफ’ ही चूक, माझ्या मते, ‘अवज्ञेचे’ यातला ‘चे’ आपण नकळत इंग्रजी क्रियापदामागेही ओढून नेतो म्हणून होते. सोन्यासाठी रसायनशास्त्रात ‘एयू’ लिहितात, तशा ठरीव खुणेला ‘सिम्बॉल फॉर’ म्हणणे रूढ आहे.

‘ऑफ’ नसलेल्या ‘सिम्बॉलिक’कडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे अर्थच पालटू शकतो. आपण ज्याला लाक्षणिक उपोषण म्हणतो, त्याला इंग्रजीत ‘अ सिम्बॉलिक फास्ट’ म्हणता येते, आणि त्यातून ते केवळ निषेध नोंदवण्यापुरते, बहुधा एका दिवसाचे होते, असे वाचकाला कळते. तेच उपोषण ‘सिम्बॉलिक ऑफ द फार्मर्स डिस्पेअर’ होते असे लिहिले, तर ते शेतकऱ्यांच्या हताशेचे प्रतीक ठरते, मग ते एक दिवस चाललेले असो वा एकवीस दिवस. बातमीत या दोहोंची गल्लत झाली, तर प्राणांतिक उपोषणालाही नाममात्र ठरवल्यासारखे होते, आणि तो उपोषणकर्त्यांवर अन्याय आहे.

शेवटी ‘ऑफ’ नंतरचा शब्द तपासावा. तेथे ‘द फ्रीडम मूव्हमेंट’ असे मोघम नाव घालण्यापेक्षा ‘डिफायन्स’ यासारखी नेमकी कल्पना लिहिली, म्हणजे त्या मिठाने काय सुचवले ते वाचकाला लगेच उमगते.