बायपोलर विकार आणि स्वतःला इजा : किशोरवयीनांचा मानसोपचार कसा आखावा

बायपोलर विकार (यात मनःस्थिती कधी अतिउत्साही उन्मादाकडे, तर कधी नैराश्याकडे झुकते) असलेले किशोरवयीन मूल स्वतःला इजा करून घेऊ लागले की, ‘आधी औषधांनी मन स्थिर होऊ द्या, बाकीचे नंतर पाहू’ असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. हा क्रम मला धोक्याचा वाटतो. मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे लागतातच; परंतु इजा हे वर्तन पहिल्या भेटीपासून वेगळे हाताळावे लागते.

प्रारंभ थेट विचारण्याने करावा. विचारल्यामुळे आत्महत्येची कल्पना मुलाच्या मनात शिरते, ही भीती निराधार आहे. इजा करताना मरण्याची इच्छा होती का, हे शांतपणे विचारावे. मात्र ‘नव्हती’ या उत्तरावर निर्धास्त राहू नये, कारण अशी इजा पुढील आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढवते. त्या दिवसाची मनःस्थितीही नोंदवावी. निराशा आणि अस्वस्थ ऊर्जा एकाच वेळी अंगात असते, ती मिश्र अवस्था विशेष जोखमीची असते.

याच भेटीत सुरक्षा आराखडा लिहून घ्यावा. धोक्याची पहिली खूण कोणती, एकट्याने काय करता येईल, कोणाकडे जायचे आणि तातडीच्या मदतीसाठी कोणाला कळवायचे, हे सर्व मुलाच्याच शब्दांत असावे. ‘पुन्हा करणार नाही’ असे वचन घेऊ नये; त्याने सुरक्षितता वाढत नाही, लपवाछपवी मात्र वाढू शकते. घरातील औषधे मोठ्यांच्या ताब्यात, कुलपात ठेवावीत. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियम या औषधाच्या उपयुक्त आणि विषारी मात्रांत अंतर फार थोडे असल्याने याबाबत हयगय नको.

यानंतर मुख्य उपचाराचा विचार. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली, तीव्र भावना सांभाळण्याची कौशल्ये शिकवणारी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजेच डीबीटी, येथे प्रथम विचारात घ्यावी. टीना गोल्डस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बायपोलर किशोरवयीनांसाठी जुळवून घेतली. तिच्यात वर्षभर मुलाची वैयक्तिक सत्रे आणि कुटुंबासह कौशल्यांची सत्रे होतात. १२ ते १८ वयोगटातील १०० मुलामुलींच्या चाचणीत मनःस्थितीची लक्षणे डीबीटी आणि नेहमीचा मानसोपचार या दोन्ही गटांत सुधारली, पण आत्महत्येचे प्रयत्न डीबीटीच्या गटात कमी झाले. म्हणजे मन सावरल्याने इजा आपोआप थांबेल, हे गृहीत धरता येत नाही.

डीबीटीचे सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे साखळी विश्लेषण. समजा, रात्री उशिरापर्यंत जागरण झाले, सकाळी गोळी राहिली, दिवसभर चिडचिड झाली, मैत्रिणीने उत्तर दिले नाही, ‘मी कोणालाच नको आहे’ असे वाटले आणि इजा झाली, तर ही साखळी कड्याकड्याने, दोष न देता उलगडावी आणि कोणत्या कडीशी काय वेगळे करता आले असते ते मुलासह ठरवावे. पालकांचे लक्ष बहुधा शेवटच्या कडीवर खिळते. बायपोलर विकारात पहिली कडी पुष्कळदा झोपेची असते. म्हणून झोपण्या-उठण्याच्या ठरलेल्या वेळा हा उपचाराचाच भाग समजावा आणि दैनंदिन नोंदवहीत इजेच्या तीव्र इच्छेबरोबर झोपेचे तास व औषधेही लिहून घ्यावीत.

घरात टीका आणि भांडणे फार असतील, तर मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मिक्लोविट्झ यांचा कुटुंबकेंद्रित उपचार उपयोगी पडतो. सुमारे नऊ महिन्यांतील २१ सत्रांत आजाराची माहिती, संवाद आणि अडचणी सोडवण्याची पद्धत, या क्रमाने तो पुढे जातो. पालकांना त्यात एक अवघड गोष्ट शिकावी लागते : मुलाची वेदना मान्य करणे म्हणजे इजेला संमती देणे नव्हे.

उन्मादाच्या काळात सत्रे छोटी ठेवावीत. नवी कौशल्ये तेव्हा डोक्यात उतरत नाहीत. इजा पुन्हा घडली तर उपचार फसला असे न मानता पुढील सत्राची सुरुवात त्याच साखळीने करावी. मात्र मरण्याचा निश्चित बेत, भ्रम किंवा अनेक रात्री जवळजवळ झोप नसणे यांपैकी काहीही दिसल्यास पुढील सत्राची वाट न पाहता मुलाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.